वर मरते, खाली चालते

खलफान तीनदा आला, तीनदा मी त्याला परत पाठवला.
निझव्याच्या सनाइयात, दुपारी बाराला,
त्याची शहाण्णवची हायलक्स माझ्या दारात उभी असायची,
आयडल आठशेवर,
बोनेटवर ठेवलेल्या चहाला तरंग उठू नये अशी.
"फोग तमूत, तहत तमाम."
वर मरते, खाली ठणठणीत.

वर म्हणजे सैक. डोंगराचा माथा.
तिथे त्याची डाळिंबं, त्याच्या शेळ्या,
आणि जानेवारीत पहाटे नळाला पाणी येत नाही, गोठलेलं असतं.
पहिल्या खेपेला मी प्लग बदलले.
दुसऱ्या खेपेला थ्रॉटल उघडून काजळी पुसली,
बिजूच्या दुकानातून नवा फिल्टर आणला.
तिसऱ्या खेपेला नुसता ऐकत बसलो.
रात्रभर तापात बडबडलेलं पोर
डॉक्टरच्या बाकावर बसतं,
तशी साळसूद.

चौथ्यांदा मीच म्हटलं, चल.
बिरकत अल मौझच्या चौकीवर पोलिसाने
टायर पाहिले, फोर बाय फोरचा दांडा पाहिला,
माझ्या मांडीवरचा मीटर पाहिला. हा कोण?
"तबीब," खलफान म्हणाला.
पोलीस हसला नाही. जा म्हणाला.

मजलिशीत झोपलो, दोन रजयांखाली.
त्याआधी घरी फोन.
शगुफ्ता म्हणाली, तिकडे थंडी पडलीय म्हणे.
छे, म्हटलं. नेहमीचंच.
गुडघा?
बरा आहे.

पहाटे साडेपाच.
बोनेटवर मिठासारखं काहीतरी.
नखाने खरवडलं, पाणी झालं.
खलफानने सेल्फ मारला.
उठली. दोन श्वास. मग धाप,
आरसा थरथरला, अख्खी केबिन हिंदकळली,
एक उचकी, आणि गेली.
पुन्हा मारला. पुन्हा गेली.
रेसवर पाय ठेवला की जगते,
पाय उचलला की मरते.
"शुफ्त?" पाहिलंस?
त्याच्या आवाजात तीन खेपांचा राग होता
आणि, मला वाटतं, थोडी खुशीही.

टॉर्च दातात धरला.
त्याला रेस धरायला लावून एकेक पाइप चिमटला,
जोडांवर पाणी शिंपडलं. आवाज बदलला नाही.
म्हणजे वारा कुठूनही चोरून आत जात नव्हता.
मग थर्मोस्टॅटखाली हात घातला,
बोटं बधिर, चाचपडत,
सेन्सरचं हिरवं टोपण काढलं, मीटर लावला.
एवढ्या गारठ्यात त्याने चार-पाच हजार ओहम सांगायला हवे.
सांगत होता तीनशे.
म्हणजे गरम आहे. सगळं गरम आहे.
बर्फ झालेल्या इंजिनात बसून
कॉम्प्युटरला कळवत होता, इकडची काळजी नको,
जादा पेट्रोल पाठवू नका.
आणि तो पाठवत नव्हता.
खाली उन्हात हेच खोटं खरं ठरायचं,
म्हणून मला तीनदा चकवून गेला.

नवा सेन्सर वर कुठून मिळणार?
खलफानच्या मेलेल्या रेडिओचं पोट फाडलं,
पिवळा, जांभळा, लाल पट्ट्यांचा एक दाणा काढला,
चार हजार सातशे. टोपणात खोचला.
सेल्फ.
गाडी बाराशेवर गुरगुरत राहिली,
थंडीत इंजिनाने गुरगुरावं तशी, थोडी चिडकी, पण जिवंत.
गरम झाली की काढ हा, मी म्हटलं,
नाहीतर पेट्रोल ढोसत बसेल.
तो कावा आणायला गेला, खजूर विसरला, परत गेला.

उतरताना त्याने धुराच्या वासाची
गुलाबपाण्याची बाटली माझ्या पायांत ठेवली.
घाटात दुसरा गिअर, एका बाजूला दरी.
चौकीजवळ रेंज आली, फोन वाजला.
काय झालं होतं गाडीला?
सांगितलं. सेन्सरचं, तीनशे ओहमचं, सगळं.
ती गप्प. मागे कुणीतरी भांडी घासत होतं.
मग म्हणाली,
आणि गुडघा?